अठरा वर्षं, अकरा दिवस

आमच्या कॉलेजात गुरुपौर्णिमेचा सत्कार दरवर्षी संध्याकाळी व्हायचा. २००१ साली नेमकं त्याच संध्याकाळी खंडग्रास चंद्रग्रहण आलं, म्हणून तो सकाळी आठला उरकण्यात आला. प्रमुख पाहुणे वैज्ञानिक दृष्टिकोनावर पाऊण तास बोलले. दहाला वेध लागणार होते. त्याआधी सगळ्यांच्या पोटात नाश्ता जावा म्हणून आभारप्रदर्शन रद्द झालं. मी तिथला ग्रंथपाल. उरलेल्या शाली कपाटात टाकल्या आणि दुपारच्या एसटीने जळगावहून धुळ्याला, अक्काकडे गेलो.

अक्का माझी मोठी बहीण. तिला तेव्हा सहावा महिना होता. सासूबाईंनी तिला मधल्या खोलीत बसवून ठेवलं होतं. काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, बोटं दुमडायची नाहीत, खायचं नाही आणि चंद्राकडे तर मुळीच बघायचं नाही. पंचांगात गरोदर बायकांना वेधांची थोडी सवलत असते. त्या घरात नव्हती. मला चीड आली. माझं वय एकतीस होतं, आणि त्या वयात चीड आली की माणसाला आपण विचार करतोय असं वाटतं.

आठच्या सुमारास सासूबाई देवघरात जपाला बसल्या. मी अक्काला म्हटलं, "चल गच्चीवर. पृथ्वीची सावली आहे ती, वाघ नाही." आणि पुढे गेलो. ती येईना, तेव्हा जिन्यातून हळूच हाक मारली. मग आली. ढगांच्या फटीत अर्धा काळवंडलेला चंद्र दोन-तीन मिनिटं दिसला.

"एवढंच?" अक्का म्हणाली.

आम्ही उतरलो तर जिन्याच्या तोंडाशी सासूबाई उभ्या होत्या.

ऑक्टोबरात मुलगी झाली. तिचा वरचा ओठ डाव्या बाजूने नाकापर्यंत दुभंगलेला होता. चंद्राचा जसा घास घेतला तसा पोरीच्या ओठाचा घेतला, हा निष्कर्ष काढायला कुणालाच वेळ लागला नाही. सासूबाई अहिराणीत एकच वाक्य बोलल्या, "हाई बठ्ठं मामानं काम शे." म्हणजे हे सगळं मामाचं, माझं काम. पुढे त्या वारल्या, पण वाक्य राहिलं. बारशाला, लग्नकार्याला, कुणाच्या तरी तोंडून ते यायचंच.

पोरीला अंगावर पिता येत नव्हतं. अक्का चमच्याने थेंब थेंब दूध घालायची. नाशिकला दोन ऑपरेशनं झाली. मी माझ्या परीने पुस्तकं काढली. बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो; नाही जुळला तर तेव्हाच राहून जातो. सहाव्या महिन्यात कुणी काय बघितलं याच्याशी त्याचा संबंध नाही. हे मी अक्काला दर वर्षी एकदा तरी सांगायचो. स्टेशनवर आपल्या गाडीचं नाव नसलेली सूचना ऐकावी तसं ती ते ऐकायची. मी मात्र पाठ म्हणायचो. भाची शाळेत हसताना तोंडावर रुमाल धरते हे कळलं, तेव्हा जळगावात घरी एकटाच बसूनही म्हटलं होतं.

ग्रंथालयातून रद्दीत काढायच्या पुस्तकांमध्ये एकदा खगोलशास्त्राचं एक जुनं पुस्तक हाती आलं. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र अठरा वर्षं, अकरा दिवस आणि साधारण एक तृतीयांश दिवसाने जवळजवळ पूर्वीच्याच मांडणीत येतात, आणि तेच ग्रहण पुन्हा लागतं. वरच्या त्या एक तृतीयांश दिवसामुळे पृथ्वी तेवढी फिरलेली असते, म्हणून वेळ बदलते. अक्काने पाहिलेलं ग्रहण १९८३ साली आपल्याकडे भरदुपारी होऊन गेलं होतं, म्हणजे कुणालाच दिसलं नव्हतं. २००१ साली ते संध्याकाळी आलं. आता २०१९च्या जुलैत मध्यरात्रीनंतर येणार होतं, तेही गुरुपौर्णिमेलाच. शिवाय या मालिकेत सावलीचा घास दर खेपेला वाढत होता. ग्रहणांना भिऊ नका असं लोकांना सांगत फिरणारा मी, त्या तारखेला भीत होतो.

त्या दिवशी पुन्हा धुळ्याला गेलो. भाचीला अठरा पूर्ण व्हायला तीन महिने होते. ओठावर एक बारीक रेघ उरली होती आणि रुमाल कधीच सुटला होता. तिला मी ते चक्र समजावून सांगितलं.

"म्हणजे मामा, माझंच ग्रहण परत आलंय?"

"तेच."

"आणि या वेळी जास्त खाणार?"

"मागे निम्मा चंद्र होता. आता पासष्ट टक्के."

"चला, कुणाची तरी टक्केवारी वाढली," म्हणत ती क्लासला गेली.

अक्का स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. ती बाहेर येऊन माझ्यासमोर बसली.

"भाऊ, एक सांगू? रागावू नको. त्या दिवशी तू गच्चीवर गेलास ना, तेव्हा मी खाली कांदा चिरला होता."

मला काही कळेना.

"भूक लागली होती रे. दहापासून पोटात काही नव्हतं. सकाळची भाकरी फडक्यात होती. कांदा घेतला आणि विळीवर चिरला."

आमच्याकडे भाकरीशी खायचा कांदा कुणी चिरत नाही, बुक्कीने फोडतात. मी मूर्खासारखं विचारलं, "फोडला का नाहीस?"

"आवाज झाला असता. देवघर भिंतीपलीकडेच होतं."

चिरायला मनाई होती. फोडायला कुठल्याही पंचांगात मनाई नाही.

"मग सगळं तुझ्यावर गेलं," अक्का म्हणाली, "आणि मी गप्प बसले. मला त्या घरात दिवस काढायचे होते. तुझा कशावर विश्वासच नाही, म्हटलं तुला काय लागणार आहे!"

लागलं होतं. ते सांगायला मी तोंड उघडलं, रागही आला होता, पण तिने आधी विचारलं, "तू ते दुसऱ्या महिन्याचं सांगतोस ना, ते बघण्याचं झालं. कांद्याचंही तसंच का?"

अठरा वर्षं मी तिला गच्चीतून निर्दोष सोडवत होतो, आणि ती बसली होती स्वयंपाकघरात. कांद्याचं विचारायचं तर आधी कांदा कबूल करावा लागला असता.

"हो अक्का," मी म्हटलं. "कांद्याचंही तसंच. जे राहून गेलं ते होळीच्या सुमाराला राहून गेलं. आषाढात तू कांद्याचं पोतं चिरलं असतंस तरी काही झालं नसतं."

"नक्की?"

"नक्की."

तिने बोटांवर महिने मोजले. एकदा पुढून, एकदा मागून.

"तिला मी सांगते. तू बोलू नको," ती म्हणाली.

रात्री दीडनंतर आम्ही तिघं गच्चीवर गेलो. भाऊजी खाली झोपले होते. ढग येत-जात होते आणि चंद्राची एक कड मळल्यासारखी दिसत होती. अक्काने भाचीला सगळं सांगितलं. विळीसुद्धा वगळली नाही. भाचीने चंद्राकडून नजर आईकडे वळवली. मला वाटलं, ती ओठाबद्दल काही बोलेल.

"आई, तू दहा तास उपाशी होतीस?"

"हो."

"सहाव्या महिन्यात?"

अक्काने नुसती मान हलवली.

"मग भाकरी तरी खाल्लीस का पूर्ण?"

"अर्धीच. मामाने हाक मारली, तशीच ठेवून आले."

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. या आरोपाला उत्तर देणारं पुस्तक माझ्या ग्रंथालयात नव्हतं.