तुटल्या जागेच्या फ्रेमा

संग्रहालय म्हणजे माझा लॅपटॉप, एक उसना स्कॅनर आणि सक्करदरा वस्तीतली आमची पुढची खोली. बंद पडलेल्या टॉकीजांची तिकिटं, रंगवलेल्या फलकांचे फोटो, पडद्यावर दाखवायच्या जाहिरातींच्या काचा हे सगळं मी इंटरनेटवर मांडते, कोणालाही फुकट बघता यावं म्हणून. दीड वर्ष झालं. आता डोळे दुखतात, आणि कुणी चौकशी केली की उत्तर द्यायचाही कंटाळा येतो.

जवळच्या नंदनवन वस्तीतल्या एका काकांनी मला बिस्किटांचा डबा दिला होता. ते उमरेडच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, म्हणजे सिनेमा दाखवायचं मशीन चालवायचे. डब्यात फिल्मचे तुकडे, एकेक-दोनदोन फ्रेमांचे. कितीतरी रविवार ते पुसून मी स्कॅन केले आणि वर मथळा दिला : 'मालकाच्या नाकावर टिच्चून कामगाराने कापून ठेवलेला सिनेमा'. आमचे बाबा कामगारांच्या मोर्चांची पत्रकं काढायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. असे मथळे मला आपोआप सुचतात. मला तो काकांचा गौरव वाटला.

त्यांच्या नातीने तो त्यांना मोबाइलवर वाचून दाखवला. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मले चोर लिहून राहिली का वं तू?"

"चोर नाही काका. तुम्ही बंड केलं, असं लिहिलंय."

"कोनं केलं बंड? तुह्या बाबानं केलं असन."

काकू मेथी निवडत होत्या. "मोर्चेवाल्याची पोरगी होय ते. तिले सुईदोऱ्यातबी लढाच दिसते."

मला हसू आलं नाही.

मग काकांनी सांगितलं. चालू खेळात रीळ तुटलं की दोन्ही टोकांच्या फाटक्या फ्रेमा कापायच्या, कड ब्लेडने खरवडायची, चिकटवायची. तोवर खाली शिट्ट्या. कापलेलं फेकवत नसे, म्हणून डब्यात. पण किती फ्रेमा गेल्या ते चिठ्ठीवर लिहून पुढच्या टॉकीजला जाणाऱ्या प्रिंटच्या पेटीत टाकायचं. दुसरे ऑपरेटर नटीच्या फ्रेमा मुद्दाम कापून घरी नेत. यांनी कधीच नाही.

"माह्या हातची एकबी पेटी चिठ्ठीबिगर गेली नाही. अन् आता नात इचारते, आबा, खरंच कापून आनलं का?"

मी मथळा काढायला मोबाइल उघडला.

"नुसतं काढून काय करतं? लोकाइनं वाचलं ना. जे झालं ते लिही. एकेका तुकड्याखाली."

"सगळ्यांखाली?"

"काहून, थकली?"

थकले होतेच. तरी बसले. ते एकेक तुकडा खिडकीच्या उजेडात धरत, फाटक्या कडेवरून नख फिरवत आणि सांगत. मी टाइप करत होते. दिवेलागणीपर्यंत अकरा झाले. बारावा त्यांनी बराच वेळ धरून ठेवला.

"हा नाही आठवत. लिही, ऑपरेटरले आठवत नाही, पन चिठ्ठी टाकली होती."

पुरावा नसलेली ओळ मी आजवर कुठे लिहिली नव्हती. ती तशीच लिहिली आणि मोबाइल शेजारी येऊन बसलेल्या नातीकडे दिला.

तिने ती त्यांना मोठ्याने वाचून दाखवली.