वरच्या पायरीचं पाणी

बाटलीकाकांचं खरं नाव कॉलनीत कुणाला आठवत नाही. नदीच्या पाण्याचे नमुने तिथल्याच प्रयोगशाळेत आणायचे, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं खांद्याला तीच पेटी. नियम असा, की नमुना कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळीखालून घ्यायचा; कारण पुढं तेच पाणी कॉलनीच्या नळांना येतं. काका घ्यायचे नळीच्या वरचं, पायऱ्यांवरून, जिथं पाणी निदान पाण्यासारखं दिसतं. अहवाल चांगला यावा म्हणून प्रयोगशाळेच्या साहेबांनी सांगितलं, काकांनी केलं. खालच्या पिवळ्या फेसाचा वास त्यांना सहन व्हायचा नाही, त्यामुळे ते त्यांच्या पथ्यावरच पडलं.

काकांना नाद विज्ञानकथांचा. एका रात्री जेवताना नातीला एक सांगत होते. दूरच्या ताऱ्याकडे निघालेलं यान, पोहोचायला दोनशे वर्षं. मधल्या पिढ्या यानातच जन्मायच्या, तिथंच मरायच्या. पहिल्यांनी टाकीत घाण सोडली आणि कागदावर लिहिलं, पाणी उत्तम.

"मग?"

"मग सातव्या पिढीची पोरं तेच प्यायली."

"शी! त्यांना कुणी विचारलं होतं का, आजोबा?"

"जन्मायच्या आधी कोण विचारतं गं?"

"आणि तो खोटं लिहिणारा? किती घाणेरडा माणूस!"

नात कोपरावरचे चट्टे खाजवत होती. पाण्यानंच असणार, असं डॉक्टर म्हणाले होते. काकांनी ताट बाजूला सारलं. देवानं नाक दिलं, आणि आपण ते जन्मभर मुठीत धरून बसलो! त्यांना स्वतःचीच किळस आली.

सकाळी त्यांनी नोंदवही उघडली. पानांवर छापील क्रमांक. शाईनं लिहिलेलं खोडायचं नाही, पान फाडायचं नाही, नोंदलेला नमुना तपासायचाच. काकांनी आधी लिहिलं, 'नळीच्या तोंडाशी'. मग जाऊन बाटलीसकट फेसात कोपरापर्यंत हात घातला.

साहेबांच्या टेबलावर बाटली उघडताच साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"अहो काका, झाकण लावा! डोकं फिरलंय का?"

"माझी नात यानंच आंघोळ करते, साहेब."

"पुरे. जा, वरच्या पायरीचं आणा."

"वहीत चढलंय."

साहेबांनी वही ओढली, वाचली, तोंड वाकडं केलं. "उद्यापासून पेटी दुसऱ्याकडे."

"द्या की. आज मात्र हीच तपासायची."

बाटली आत गेली. काका बेसिनवर हात धुवायला गेले. तीनदा साबण लावला. वास काही जाईना. नळालाही तेच पाणी होतं.