मामांनी ऐकलेली भिंत

माझ्या बायकोच्या मामांना भिंतींचं बोलणं ऐकू येतं, यावर माझी आता पूर्ण श्रद्धा आहे. नळखात्यातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले मामा. पण आमच्या इंदूरच्या गोतावळ्यात त्यांनी पाहिल्याशिवाय कोणी घर घेत नाही. घर बघताना ते चपला बाहेर काढतात, कारण फरशीचा उतार तळव्यांना कळतो म्हणे. एका पुतण्याच्या घरी त्यांनी दारातच नाक वर केलं आणि "गच्ची गळते" असं जाहीर केलं. गळत होती.

विजय नगरमधला आमचा फ्लॅट ठरला, तेव्हा न्हाणीघराला लागून असलेली बेडरूमची भिंत ओली होती. रजिस्ट्रीआधी ती दुरुस्त करून देईन, असं मालकांनी लिहून दिलं होतं. रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी सकाळी बघायला गेलो, तर भिंत चकचकीत!

"बघा मामाजी, एकदम नवी! पाइपही बदलला," मालक म्हणाले.

मामांनी भिंतीला कान लावून बोटानं टकटक केलं. "भिया, प्लंबर आलाच नाही. फक्त रंगवाला येऊन गेला."

मालक भडकले. "उद्या रजिस्ट्री करा, नाहीतर सौदा कॅन्सल! दुसरी पार्टी तयार आहे." आम्ही भाड्याचं घर सोडतोय असं कळवून बसलेलो, बायको रडकुंडीला आली. मामांनी शांतपणे न्हाणीघरातले सगळे नळ सोडले, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "दुपारपर्यंत थांबू या."

बारा वाजायच्या आतच बेडरूममधला रंग पुरीसारखा फुगला आणि पुट्टीसकट आमच्या पायांशी पडला. मालकांनी वाकून त्यातला एक ओला तुकडा उचलला. "मिस्त्रीनं मलाही बनवलं हो," ते हळूच म्हणाले. मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. रजिस्ट्री आठ दिवस पुढे गेली. ते आठही दिवस मामा अनवाणी हजर, आणि मालक स्वतः त्यांच्यासाठी चहा आणत होते.

राहायला गेलो त्या दिवशी मी न राहवून विचारलं, "मामा, इतकी घरं पारखलीत, मग स्वतः का नाही घेतलं?"

"जावईबापू, तुमच्या मामींना पलासियाला एक घर फार आवडलं होतं. उजेड छान होता. मी जिन्यातला तडा दाखवला. मालकानं बुजवून दिला. मी म्हटलं, अजून नीट करा. तिसऱ्यांदा गेलो, तर घर विकलेलं." मामी जाऊनही आता चार वर्षं झाली. मामांनी सवयीनं खिडकीच्या चौकटीवर टकटक केलं. "परवा तिथूनच गेलो. जिना अजून पक्का आहे हो."