काकांच्या बाजूची खुर्ची

मांडवीला आमच्या शेजारचे काका एकटेच राहतात. बोटीवर असताना ते स्पॅनिश शिकले. नोकरीला बरं म्हणून मी कॉलेजात मायनरला तीच भाषा घेतली, तेव्हा म्हणाले, "मोठ्यानं वाच गो, मी ऐकतंय." रोज संध्याकाळी मी त्यांच्या पायरीवर बसून वाचते, बाजूच्या खुर्चीवर ते बसू देत नाहीत. काही चुकलं की त्यांचा सुपारी कातरणारा अडकित्ता थांबतो.

परवा धड्यातला प्रश्न त्यांनाच विचारला, "तुमच्या घरात माणसं किती?"

"दोस." म्हणजे दोन.

"काका, चुकलात!" मी हसले.

अडकित्ता थांबला नाही. कातरून झाल्यावर तळहातावरची सुपारी त्यांनी माझ्यापुढे धरली. मी नको म्हटलं. मग त्या रिकाम्या खुर्चीपुढे धरली. जमिनीवर काही सांडलं नाही, पण हात मागे आला तो रिकामा.