लाल काचा काढणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडम नवी काच हातात आली की आधी तिच्यातून समोरच्याचं तोंड बघत. वीज मोजायचा मीटर नंतर. "लाल रंगात लईच देखणी दिसतीस की गं," असं मला म्हणून मगच तारा जोडायच्या. विद्यापीठात सगळे त्यांना 'काचवाल्या मॅडम' म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

आम्ही रंगीत सौरकाचा करायचो. काचेवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर द्यायचा, तो रंगात भिजवायचा, वर दुसरी काच बसवून मधे द्रावण भरायचं. ऊन पडलं की वीज तयार होते, आणि पलीकडचं दिसतंही. सांगायला सोपं. सोलापूरच्या मे महिन्यात मात्र कडा सुटून द्रावण गळायचं आणि सगळी मेहनत पाण्यात. मी रडकुंडीला आले की मॅडम म्हणायच्या, "हितल्या उन्हात टिकली, तर कुटंबी टिकंल. रड आन् पुन्यांदा कर." त्या मूळच्या सांगोल्याच्या. परिषदेत इंग्रजीतून भाषण ठोकून आल्या, तरी प्रयोगशाळेत पाऊल टाकताच हीच बोली सुरू.

त्यांचा खरा राग एकाच गोष्टीवर: शेंगाचटणीच्या हातानं काच धरणं. तेलकट बोट लागलं की तिथला थर पोपडा धरून निघतो. डबा खाऊन आलो की त्या आमच्या हातांचा वास घेत, पहिलीतल्या पोरांचा घ्यावा तसा.

शेवटी आमच्या लाल काचा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शेडच्या खिडकीला बसल्या. तिथं बायका शाळेचे गणवेश शिवत. काचांच्या विजेवर एक छोटा पंखा भरारा फिरायचा. प्रकल्पाला मुदतवाढ द्यायची की नाही हे ठरवणारी समिती तोच पंखा बघायला येणार होती, आणि माझी फेलोशिपही त्या मुदतवाढीवरच होती. समिती यायच्या आदल्या आठवड्यात शेडमधल्या नरसम्मा म्हणाल्या, "मॅडम, वारा चांगला हाय. पन ह्या लाल उजेडात निळा दोरा आन् काळा दोरा एकच दिसतंय. कालचे सगळे शर्ट उसवायला लागले."

मॅडम नरसम्मांच्या स्टुलावर बसल्या, दोन्ही रिळं डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि मला म्हणाल्या, "काढ लाल काचा. फिकट करड्या बसव."

"मॅडम, करड्यांची वीज कमी, पंखा फिरणार नाही. समिती येऊन जाऊ द्या, मग काढू."

"आन् तवर त्यांनी उसवत बसायचं व्हय?"

समिती आली. पंखा थरथरला, अर्धा वळला आणि थांबला. मॅडमनी कारण सांगितलं, त्यात दिलगिरीचा एक शब्द नव्हता. मुदतवाढ मिळाली नाही. मॅडम निवृत्त झाल्या. मी दुधनीला कॉलेजात शिकवत रडतखडत पीएच.डी. पुरी केली. मला त्यांचा राग आला होता, खूप आला होता. पण तेव्हाही व्हायचं होतं ते त्यांच्यासारखंच.

यंदा मॅडम गेल्या. नरसम्मांना सांगायला मी शेडवर गेले. त्यांनी चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

"अक्का," त्या म्हणाल्या, "हितं साहेब लोक लई येतात. फोटो काढून जातात. माझ्या सांगण्यावरनं सोताचं काम मोडणारी ती एकच बाई बघितली मी."