मानपानाने उडालेला ड्रोन

आमच्या बचत गटाचा फवारणीचा ड्रोन पहिल्याच दिवशी चार वेळा भीमा ओलांडून शेवटी गायब झाला, आणि त्यात ड्रोनची काहीही चूक नव्हती.

चूक यादीची होती. म्हणजे माझी. मी यादीशिवाय माहेरीसुद्धा जात नाही. (लग्नात आईने दिलेल्या भांड्यांची यादी अजून आहे माझ्याकडे. त्यातला झारा सापडत नाही. विषय काढला की जाऊबाई दुसरीकडे बघतात.) म्हणूनच गटाने ड्रोन शिकायला मला पाठवलं. अध्यक्ष शालनताईंनी बजावलं होतं, "सुमन, ह्याला कायबाय झालं तर गावात तोंड दावायला जागा न्हाई आपल्याला!"

पहिली चाचणी आमच्याच भावकीत. टाकीत नुसतं पाणी, प्रत्येक उसावर एक चक्कर. चार सासरे: आप्पा आणि तात्या नदीच्या अलीकडे, शिरूर तालुक्यात, नाना आणि बापू पलीकडे, दौंड तालुक्यात. रिमोटच्या पडद्यावर शेतांचे पॉइंट टाकायचे. ज्या क्रमाने टाकाल त्याच क्रमाने ड्रोन जातो. शहाण्या बाईने आधी अलीकडची दोन शेतं टाकली असती, मग पलीकडची. मी लग्नपत्रिकेत नावं घालतात तशी वयाने घातली! आप्पा, नाना, तात्या, बापू. एकाच्या आधी दुसऱ्याला पान वाढलं म्हणून आमच्याकडे पंगती उठल्यात.

ड्रोन उडाला. आप्पांच्या उसावर झकास फिरला आणि शेजारच्या बांधावर उभ्या तात्यांना ओलांडून थेट नदीवर गेला.

"ह्यो कुठं निघाला?" तात्या ओरडले.

"नानांकडं."

"आन् मी हितं उभा हाय की!"

"तुमचा नंबर तिसरा, तात्या."

"बराबर हाय पोरीचं," आप्पा मिशीवर हात फिरवत म्हणाले.

नानांचं उरकून ड्रोन नदीवरून माघारी आला, तात्यांची चक्कर झाली, आणि पुन्हा नदीकडे वळला.

"व्हय गं, ह्याला पाण्याचं लई येड हाय का?" शालनताईंचा आवाज बारीक झाला.

बापूंच्या उसावर असताना पडद्यावर बॅटरी लाल झाली. रिमोट टींटीं करायला लागला.

"आता गं?" शालनताई म्हणाल्या.

"काही नाही. बॅटरी उतरली की जिथून उडाला तिथे आपोआप येतो," मी प्रशिक्षणातल्या सरांसारखी म्हणाले आणि सगळ्यांना मागे सारलं. ('जागा मोकळी करणे', यादीत क्रमांक अडतीस.)

ड्रोन खरंच आला. नदी ओलांडली, आमच्या डोक्यावरून गेला, मोकळ्या केलेल्या जागेकडे ढुंकूनही न बघता उसामागे दिसेनासा झाला!

"आला," आप्पा म्हणाले, "आन् गेला बी."

शालनताई बांधावर मटकन बसल्या. मी यादी वरपासून खालपर्यंत चाळली. कुणाच्या डोक्यावर पडला तर? कुणाच्या विहिरीत? यादीत यावर एकही ओळ नव्हती.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन.

"सुमन, तुजं इमान अंगणात उतारलंय. मी बांधून ठिवलंय."

"बांधून?"

"शेळीच्या दाव्यानं. खुट्याला. पुन्यांदा उडालं म्हंजी?"

"आत्या, पंखे थांबल्यावर ना?"

"मग? मी काय येडी हाय?"

शालनताईंनी माझ्या हातातून फोन घेऊन दोनदा विचारलं, "धड हाय का?" आणि मग हसता हसता डोळे पुसले.

झालं होतं असं: आदल्या दिवशी मी अंगणात रंगीत तालीम केली होती. ड्रोनची परतायची जागा म्हणून अंगण नोंदवलं आणि यादीत त्यापुढे टिक केली. शेतात पोचल्यावर ती जागा बदलायला हवी होती. पण टिक केलेलं काम मी पुन्हा करत नाही. तत्त्व आहे माझं!

घरी पोचलो तर ड्रोन खुट्याला शांत उभा. ओरखडासुद्धा नाही. सासूबाईंनी त्याच्यावरून भाकरतुकडाही ओवाळून टाकला होता. दाव्यातून सुटलेली शेळी मात्र ओट्यावर माझी यादी चघळत होती. (घरची प्रत. मी प्रत ठेवते.)

"खाऊ दे तिला," सासूबाई म्हणाल्या. "चाळीस वळी लिवल्यास, आन् परतायचं कुठं ते त्याला सांगितलंच न्हाईस?"

सासूबाईंना वाचता येत नाही. गटाच्या ठरावानुसार आता माझी यादी त्याच तपासतात.