पाझर आहे, गळती नाही

शांतवन आमच्या तलावाचा चौकीदार आहे, पण तलावाकडे तो फारसा पाहत नाही. त्याची पाठ पाण्याकडे आणि तोंड पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, कोरड्या बाजूला. रोज सकाळी सातला तो पाळीच्या पायथ्याशी जातो, भाजक्या मातीच्या जुन्या पाइपातून झिरपणाऱ्या पाण्याखाली दहा लिटरची बादली धरतो आणि ती भरायला किती सेकंद लागले ते घड्याळात बघतो. मग बाटलीत पाणी घेऊन उन्हाकडे धरतो. नितळ असलं तर वहीत लिहितो, 'पाझर चालू. पाणी नितळ.' एकोणीस वर्षं हेच वाक्य. मी शाळेत सदतीस वर्षं निबंध तपासले, पण इतका कंटाळवाणा लेखक मला दुसरा भेटला नाही.

जामखेड तालुक्यातला हा तलाव बहात्तरच्या दुष्काळी कामावर झालेला. शांतवनचे वडील त्या कामावर होते. पाइपाभोवती वाळू आणि खडी त्यांनीच भरली. मातीची पाळ थोडं पाणी पिणारच, आणि प्यायलेलं पाणी बाहेर काढायला हा पाइप, हे त्यांनी मुलाला सांगून ठेवलं. गावाला कुणीच काही सांगितलं नाही. गावाला एवढंच दिसायचं की आपल्या तलावातून रात्रंदिवस पाणी वाया जातंय. आमच्याकडे पाहुण्याने तांब्यातलं पाणी अर्धं सांडलं तरी त्याची सोयरीक मोडायची वेळ येते.

"गळती कधी बंद करतोस रे?" येणारा-जाणारा त्याला विचारायचा.

"गळती न्हाई, पाझर हाय."

"फरक काय?"

"पाझर असला की मी चालत येतो. गळती लागली की पळत यीन."

हे आम्ही चावडीवर विनोद म्हणून सांगत असू.

गेल्या वर्षी परतीच्या पावसात तलाव काठोकाठ भरला आणि शांतवन भाचीच्या लग्नाला तीन दिवस राहुरीला गेला. सरपंच आदिनाथने तेवढ्यात पाइप बुजवायचा बेत तडीस नेला. गोण्यांत सिमेंट-वाळूचा माल भरून पाइपाच्या तोंडात ठोकला, वरून काँक्रीट ओतलं. नारळ मी फोडला, कारण गावातला सगळ्यात शिकलेला माणूस मी. पाणी थांबलं तेव्हा टाळ्या वाजल्या. मोठ्या गाढवपणाला टाळ्याही मोठ्याच मिळतात.

शांतवन परत आला तेव्हा त्याचा रोजचा हेलपाटा वाचला म्हणून आम्ही त्याच्यासाठी शालही आणून ठेवली होती. तो कोरड्या पाइपासमोर उभा राहिला.

"पानी गेलं कुठं?"

"तलावात राहिलं," आदिनाथ म्हणाला.

"तळ्यात न्हाई ऱ्हायलं. पाळीत मुरतंय." मग माझ्याकडे वळून, "गुरुजी, मानसाची लघवी तुंबली तर त्याला शाल घालत्यात का दवाखान्यात नेत्यात?"

शाल पंचायतीच्या कपाटात परत गेली.

त्याने शाखा अभियंता धनश्री मॅडमना फोन केला. त्या नव्या होत्या आणि सोळा तलाव त्यांच्या गळ्यात होते. त्यांच्या तक्त्यात रकाना एकच, 'गळती : आहे / नाही', आणि आमच्या तलावापुढे पहिल्यांदाच 'नाही' लागलं होतं. पुढच्या आठवड्यात येते, तोवर कशाला हात लावू नका, असं त्यांनी सांगितलं.

सहाव्या दिवशी सकाळी शांतवन पळत माझ्या दारात आला. पायथ्यापासून पुरुषभर उंचीवर पाळ ओली झाली होती, आणि खाली वस्तीच्या वाटेवर जमिनीतून पाणी उकळी फुटल्यासारखं वर येत होतं. त्याच्या बाटलीत चहाच्या रंगाचं पाणी होतं आणि तळाशी बोटभर माती.

"ही पाळीची माती हाय. आतून पोखरतीय. खाली बेचाळीस घरं हायती, गुरुजी."

दोघं वस्तीवर गेलो, घरोघर सांगितलं, माळावर चला. सगळ्यात खालचं घर बनुबाईचं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "पन्नास वर्सं पानी व्हायलं तवा काय झालं न्हाई, आन आता बंद झाल्यावर व्हनार हाय व्हय?" तर्काला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. कुणीही घर सोडलं नाही. मॅडमचा फोन लागेना. काँक्रीटला हात लावला तर गुन्हा दाखल करीन, असं आदिनाथ म्हणाला.

शांतवनने टिकाव आणि पहार घेतली. मी घमेली वाहिली. आधी त्याने उकळीवर जाड वाळू पसरली, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी. "पानी यीऊ द्यायचं, माती न्हाई," तो म्हणाला. मग पाइपाचं तोंड फोडायला घेतलं. दुपारी बाराच्या सुमारास गोण्यांचा लगदा बाहेर आला आणि मागून लाल पाण्याचा लोट.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"आता बसायचं."

बसलो. आयुष्यात एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. चारच्या पुढे पाणी फिकं होऊ लागलं. तिसऱ्या दिवशी ते नितळ झालं आणि पाळीवरची ओलही उतरली.

म्हणजे काहीच झालं नाही. पाळ फुटली नाही, तेव्हा ती फुटणारच नव्हती, यावर गावाचं एकमत झालं. बनुबाईने मला चहाला बोलावून तसं स्पष्ट सांगितलं. खात्याकडून शांतवनला मेमो आला : वरिष्ठांचा आदेश डावलून तलावाच्या बांधकामाची तोडफोड केली, कामावरून कमी का करू नये, सात दिवसांत खुलासा करावा.

खुलासा लिहायला तो माझ्याकडे आला. सांगितली चारच वाक्यं. पाइप बुजवला होता. पाळ ओली झाली. पाणी गढूळ आलं. म्हणून मी फोडला.

"कुणी बुजवला, ते लिहितो," मी म्हणालो.

"नगं."

"अरे, नोकरी जाईल तुझी."

"जाईल. पन नावं लिवली की मानसं माझ्याशी बोलायची बंद व्हतील. उद्या परत त्यांच्या डोक्यात असलं काय आलं, तर आधी मला इचारायला कोन यील?"

मला लाज वाटली. त्याच्या माघारी पाइप बुजवताना आमच्यापैकी एकालाही त्याला विचारावंसं वाटलं नव्हतं, आणि हा अजून आमची वाट बघत होता. बाकीच्यांची नावं मी लिहिली नाहीत. शेवटी एक ओळ वाढवली, 'पाइप बुजवणाऱ्यांत मी होतो', आणि खाली माझं पूर्ण नाव, सेवानिवृत्त शिक्षक, सही.

शांतवनने बोट फिरवत वाचलं.

"तुमचं कशापायी लिवलं?"

"मी येईन की विचारायला," मी म्हणालो.

त्याने कागदाची घडी खिशात घातली आणि तो जामखेडची एसटी धरायला निघाला.